कंदाला ताटात आणणारा राजा

तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी करून घरी परतलेल्या नाशिककराच्या पुढ्यात साबुदाण्याची खिचडी येते. हा साबुदाणा कसावा, म्हणजेच टॅपिओका नावाच्या कंदापासून बनतो. या कंदाला आपल्या देशात सामान्य माणसाच्या ताटात जागा मिळवून देण्याचे श्रेय त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ यांना दिले जाते.

त्यांचा जन्म १८३७ सालचा. संगीतकार म्हणून ख्यातकीर्त असलेले राजे स्वाती तिरुनाळ हे त्यांचे मामा. आईचे छत्र तान्हेपणीच हरपले आणि प्रकृतीही नाजूक होती, त्यामुळे मुलाचे मन पुस्तकांत रमले. १८४९ मध्ये त्यांना शिकवायला आले टी. माधवराव. कुंभकोणमच्या मराठी घराण्यातले हे माधवराव पुढे त्रावणकोरचे आणि नंतर सयाजीराव गायकवाडांच्या अल्पवयीन काळात बडोद्याचे दिवाण झाले. त्यांच्या हाताखाली राजपुत्राला इंग्रजीची आणि विज्ञानाची गोडी लागली. वनस्पती हा तर त्याचा आवडता विषय.

१८८० मध्ये, वयाच्या ४३व्या वर्षी विशाखम तिरुनाळ गादीवर आले. कारकीर्द जेमतेम पाच वर्षांची. पण न्यायव्यवस्था, पोलीस, जमीन मोजणी अशा अनेक बाबींत त्यांनी लक्ष घातले. शेतीकडे तर विशेष.

कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. पोर्तुगीजांनी तो सतराव्या शतकात मलबार किनाऱ्यावर आणला. हलक्या जमिनीत, कमी निगराणीत तो भरपूर पिकतो. भाताची टंचाई असलेल्या प्रदेशाला याहून चांगला आधार कोणता? मात्र लोकांना हा कंद विषारी वाटे. महाराजांनी तो राजवाड्याच्या जेवणात वाढायला लावून ही भीती घालवली, असे सांगितले जाते. त्यांनी नुसते पीक दिले नाही, तर ते शिजवायची रीतही दिली, असेही सांगतात. साल काढा, तुकडे करा, भरपूर पाण्यात उकळा आणि ते पाणी ओतून टाका.

ही रीत किती शहाणपणाची होती, हे आज रसायनशास्त्र सांगते. कसाव्यात लिनामरिन नावाचे द्रव्य असते. कंद चिरला, किसला की त्यातल्याच विकरामुळे लिनामरिन फुटते आणि सायनाइड बाहेर पडते. सालीत आणि कडू जातींत हे प्रमाण जास्त. मोठे तुकडे थोड्या पाण्यात शिजवले तर विषाचा बराचसा भाग आतच राहतो. लहान तुकडे मुबलक पाण्यात उकळून पाणी टाकले तर तो पुष्कळ कमी होतो. किसणे, भिजवणे, आंबवणे, उन्हात वाळवणे या क्रिया याहून प्रभावी. घाई केली तर काय होते, ते १९८१ च्या दुष्काळात मोझांबिकमध्ये दिसले. भुकेल्या लोकांनी कडू कसावा पुरेशी प्रक्रिया न करता खाल्ला आणि एक हजाराहून अधिक जणांचे पाय कायमचे लुळे पडले. त्यात बायका-मुले जास्त होती. या रोगाला कोंझो म्हणतात.

महाराज १८८५ मध्ये, वयाच्या अवघ्या ४८व्या वर्षी गेले. त्यांच्या कामाचे मोल पुढे दुसऱ्या महायुद्धात कळले. ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ बंद झाला, तेव्हा त्रावणकोरमधल्या असंख्य घरांची चूल या कंदावर पेटली. त्याच सुमारास परदेशी साबुदाण्याची आयात थांबली आणि तमिळनाडूत सेलम भागात कसाव्यापासून साबुदाणा करण्याचा धंदा उभा राहिला.

साबुदाण्यासाठी कंद सोलून, धुऊन वाटतात. त्याचे दूध गाळून टाक्यांत निवळू देतात. खाली बसलेल्या सत्त्वाचे दाणे पाडून ते तापल्या तव्यावर भाजतात आणि वाळवतात. एवढ्या धुण्या-निवळण्यात सायनाइड जवळजवळ संपते, म्हणून साबुदाणा निर्धोक. पण त्याच पाण्याबरोबर कंदातले क जीवनसत्त्व, थोडीफार प्रथिने आणि चोथाही जातो. १०० ग्रॅम साबुदाण्यात सुमारे ३५० कॅलरी मिळतात, प्रथिने मात्र अर्धा ग्रॅमही नाहीत.

केरळात हा कंद माशाच्या कालवणाबरोबर खातात, आपण खिचडीत दाण्याचे कूट घालतो. दोन्हींमुळे प्रथिनांची उणीव काही अंशी भरून निघते. म्हणून उपवासाला कुटाचा हात आखडू नका, सोबत वाटीभर दही घ्या. मधुमेह असेल तर साबुदाणा बेतानेच खा. आणि कधी अख्खा कंद घरी आला, तर महाराजांची रीत विसरू नका. पहिले पाणी ओतूनच टाका.