गडवाटांचे यात्रिक : गो. नी. दांडेकर

भाईंदर आणि नायगाव यांच्या मधल्या खाडीतून उल्हास नदीचे पाणी समुद्रास मिळते, हे आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. परंतु ही नदी राजमाचीच्या परिसरातील दऱ्यांत उगम पावते, हे किती जणांच्या ध्यानी असेल? त्या दऱ्याखोऱ्यांत पाठीवर शिधा घेऊन वर्षानुवर्षे हिंडलेल्या एका थोर लेखकाचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहो.

गोपाळ नीळकंठ दांडेकर यांचा जन्म ८ जुलै १९१६ रोजी विदर्भातील परतवाडा येथे झाला. १९३० साली देशात स्वातंत्र्याच्या चळवळीचा वणवा पेटला, तेव्हा या कोवळ्या मुलाने शाळा सोडली आणि घरही सोडले. ही गोष्ट वाचून आमच्या बालवाचकांनी भलताच बोध घेऊ नये! शाळेचे दार मागे लोटणाऱ्या या मुलास पुढे उपासमार, ऊनपाऊस आणि परक्या उंबरठ्यांवरचा आसरा यांच्याकडून कठोर धडे घ्यावे लागले. गाडगे महाराजांच्या सहवासात त्यांनी श्रमाची थोरवी जाणली. पुढे त्यांनी नर्मदेची परिक्रमा पायी केली. परिक्रमा करणारा नदी सदैव उजव्या हातास ठेवतो, वाटेत सदावर्तातून मिळालेला कोरडा शिधा घेतो आणि काठावर तीन धोंडे मांडून आपले अन्न आपणच शिजवतो. स्वावलंबनाची याहून उत्तम शाळा कोणती? याच प्रवासातून पुढे त्यांची 'कुणा एकाची भ्रमणगाथा' ही कादंबरी जन्मास आली.

स्वातंत्र्यानंतर त्यांनी तळेगाव दाभाडे येथे बिऱ्हाड केले आणि केवळ लेखणीवर संसार चालवण्याचे अवघड व्रत घेतले. तेथून लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना हे किल्ले जवळच. सह्याद्रीच्या गडांवर ते पुनःपुन्हा गेले. कधी एकटे, कधी तरुणांचा मेळा घेऊन. राजगड तर त्यांचा जिवलगच होता. अशा गडावर मुक्काम म्हणजे काही सहलीचा थाट नव्हे. तेथे हॉटेल नाही, नळ नाही. तांदूळ, पीठ, मीठ, तिखट सारे पाठीवरून न्यावयाचे. टाक्याचे पाणी गाळून भरावयाचे. पावसाळ्यात ओल्या लाकडांशी झगडून चूल पेटवावयाची आणि एखाद्या देवळात किंवा गडाखालच्या झोपडीत पाठ टेकावयाची. तेथे भातपिठल्याचा घास पक्वान्नाहून गोड लागतो. कारण त्यात स्वतःचे कष्ट असतात. टाक्यात कोणी हात बुडवून पाणी गढूळ केले, तर मागून येणारा तहानलेला राहतो. म्हणून रानातील पहिला शिष्टाचार म्हणजे पाण्याचा मान राखणे होय.

परंतु दांडेकर केवळ दगडांचे उपासक नव्हते. गडाच्या आश्रयाने राहणाऱ्या गरीब माणसांची बोली, त्यांची सुखदुःखे आणि त्यांचा निर्धार त्यांनी आत्मीयतेने टिपला. 'माचीवरला बुधा' या कादंबरीतील वृद्ध मुंबई सोडून राजमाचीवर परततो आणि झाडे व पशुपक्षी यांच्या संगतीत एकाकी राहतो. 'पवनाकाठचा धोंडी' मध्ये तुंग किल्ल्याच्या परिसरातील जीवन आहे. ठाकर समाजावरील 'जैत रे जैत' ही त्यांची कादंबरी १९७७ साली चित्रपटरूपाने घरोघरी पोहोचली. शहरातल्या खोलीत बसून ही माणसे रेखाटता आली नसती; त्यांच्या चुलीपाशी बसणाऱ्यासच ती भेटतात.

'स्मरणगाथा' या आत्मकथनपर ग्रंथास १९७६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. १९८१ साली अकोल्याच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. ज्या विदर्भातून एक निर्धन मुलगा घर सोडून निघाला, त्याच विदर्भाने त्यास सन्मानाने बोलावले! १ जून १९९८ रोजी त्यांचे निधन झाले.

२०२५ साली राजगडासह मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाले. हा गौरव आनंददायक खराच. परंतु त्याबरोबर गडावर जाणाऱ्यांची रीघ वाढते, आणि कागद, बाटल्या व उष्टी पाने मागे टाकणारेही वाढतात. किल्ला जपण्याचे काम सरकारी फलकाने होत नाही. ते प्रत्येक वाटसरूच्या वागणुकीने होते.

पालकांस आमची विनंती इतकीच की, मुलांस सुटीत जाणत्या माणसांबरोबर डोंगरात धाडावे. स्वतःची भांडी स्वतः घासू द्यावीत, चुलीचा धूर डोळ्यांत जाऊ द्यावा. आणि विद्यार्थिमित्रांनो, पहाडाच्या पोटातून निघालेले पाणी आपल्या गावापाशी येते, हे ध्यानी ठेवा. उगमाशी टाकलेली घाण कोठे जाते, हे भाईंदरच्या मुलांस वेगळे सांगावयास नको.