रोलंड हिल : टपालाचे दर बदलणारे शिक्षक

पाकिटाची गोंदाची कड ओली करून तुम्ही ते सहज बंद करता ना? पण इंग्लंडमध्ये एके काळी पत्राला पाकीट घातलं की टपालखर्च दुप्पट व्हायचा! दर कागदांच्या संख्येवर ठरे आणि पाकीटही एक कागद धरला जाई. म्हणून लोक पत्राचीच घडी घालून ती लाखेने बंद करत. पैसे बहुधा पत्र घेणाऱ्याने द्यायचे. गरिबाला ते परवडले नाहीत, तर पत्र न वाचताच परत!

हे बदलले रोलंड हिल यांनी. त्यांचा जन्म ३ डिसेंबर १७९५ रोजी किडरमिन्स्टर येथे झाला. लहान वयातच ते वडिलांच्या शाळेत शिकवू लागले. १८३७ मध्ये त्यांनी टपाल सुधारणेवर पुस्तिका लिहिली. १८४० पासून अर्ध्या औंसापर्यंतचे पत्र देशभर एका पेनीत जाऊ लागले. मागे गोंद असलेले पहिले टपाल तिकीटही त्याच वर्षी आले. १८४२ मध्ये हिल यांना कामावरून काढले, पण पुढे ते टपाल खात्यात परतले.

दर आता वजनावर असल्याने पाकिटांचा वापर वाढला. त्यांचे भाऊ एडविन यांनी वॉरन डी ला रू यांच्यासोबत पाकिटांच्या घड्या घालणारे यंत्रही बनवले. २७ ऑगस्ट १८७९ रोजी हिल यांचे निधन झाले.

पुढच्या वेळी पाकीट चिकटवताना या शिक्षकाची आठवण नक्की काढा!