डोक्यातून पहार गेली, त्यानंतरची साडेअकरा वर्षं

भोर-वेल्ह्याकडं विहीर खणताना कधी पाहिलंय? चार-सहा हात माती निघते आणि मग लागतो काळा कातळ. तिथं कुदळ चालत नाही. कातळाला भोक पाडायचं, दारू भरायची, ठासायची, वात पेटवायची आणि लांब पळायचं. तो सुरुंग. आता ही कामं मशिनवर आली आहेत, पण घराच्या कोपऱ्यात उभी असलेली लोखंडी पहार तुम्ही नक्की पाहिली असेल. तीच पहार डोळ्यांसमोर ठेवा, कारण ही गोष्ट तिच्यापासून सुरू होते.

फिनिअस गेज. सायकॉलॉजीच्या पुस्तकात हे नाव वाचलं असेल. जन्म १८२३, अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरचा. पंचविशीतच तो रेल्वेच्या कामावर मुकादम झाला होता. डोंगर फोडून रुळांसाठी वाट करायची, हे त्याच्या टोळीचं काम. दारू ठासायला त्यानं स्वतःसाठी एक खास पहार घडवून घेतली होती. साडेतीन फुटांहून थोडी लांब, सव्वा इंच जाड, वजन सहा किलोच्या आसपास, एक टोक निमुळतं.

१३ सप्टेंबर १८४८. व्हरमाँटमधलं कॅव्हेंडिश गाव, दुपारचे साडेचार. दारूवर वाळू टाकून मग ठासायचं असतं. गेजचं लक्ष क्षणभर मागच्या माणसांकडं गेलं आणि वाळू पडायच्या आधीच पहार आत गेली, असं सांगतात. लोखंड खडकाला घासलं, ठिणगी उडाली, स्फोट झाला. पहार डाव्या गालातून शिरली, डाव्या डोळ्यामागून मेंदूत गेली, टाळूतून बाहेर पडली आणि कितीतरी फूट लांब जाऊन पडली.

आता खरी भन्नाट गोष्ट. गेज काही मिनिटांतच बोलायला लागला. बैलगाडीत ताठ बसून तो मुक्कामाच्या हॉटेलवर आला आणि डॉक्टर येईपर्यंत बाहेर खुर्चीत बसून राहिला. त्याच्यावर पुढचे उपचार केले ते डॉ. जॉन हार्लो या तरुण गावडॉक्टरनं. काही दिवसांत जखम चिघळली, पू झाला, गेज गुंगीत गेला. सोबत्यांनी शवपेटीसुद्धा तयार ठेवली. हार्लोनं पू काढला, रोज जखम धुतली. दहा आठवड्यांनी गेज आपल्या घरी परतला. डावा डोळा कायमचा गेला होता, पण माणूस चालत-बोलत होता.

पुढचा भाग मात्र बहुतेकांना अर्धाच माहीत असतो. आधीचा शांत, हिशोबी मुकादम आता चिडका झाला होता, शिव्या द्यायचा, ठरवलेलं मध्येच सोडायचा. कंपनीनं त्याला मुकादमाची जागा परत दिली नाही. ओळखीच्यांना हा आपला जुना फिनिअस वाटेना. पुस्तकातली गोष्ट बहुतेक इथंच संपते, कधी कधी तर त्याला दारूडा आणि भटक्याही केलेलं असतं. त्या काळच्या नोंदींत मात्र तसा पुरावा नाही.

नोंदी सांगतात ते वेगळंच. गेजनं घोड्यांच्या तबेल्यात काम धरलं. १८५२ मध्ये तो दक्षिण अमेरिकेतल्या चिलीला गेला आणि तिथं अनेक वर्षं वालपराइसो ते सँटियागो या वाटेवर घोडागाडी हाकली. वरंधा घाटातून भरलेली एसटी चालवणारा ड्रायव्हर आठवा. ठरल्या वेळी उठायचं, सहा सहा घोडे सांभाळायचे, परक्या भाषेतल्या प्रवाशांना पैलतीरी न्यायचं. सारखा चिडणाऱ्या, काही लक्षात न राहणाऱ्या माणसाला हे इतकी वर्षं जमलं नसतं. म्हणून काही अभ्यासकांना वाटतं, की रोजच्या ठरलेल्या कामानं तो हळूहळू सावरला होता. १८५९ मध्ये तब्येत ढासळल्यावर तो सॅन फ्रान्सिस्कोला आई-बहिणीकडे आला. १८६० मध्ये त्याला फिट्स यायला लागल्या आणि २१ मे रोजी तो गेला. वय ३६.

गेज गेला तेव्हा एक्स-रेचा शोध लागायलाही ३५ वर्षं होती. सीटी स्कॅनवर पहिला रुग्ण तपासला गेला १९७१ मध्ये, लंडनला. पण हार्लोनं घरच्यांच्या परवानगीनं गेजची कवटी मिळवली होती. ती आणि पहार आज हार्वर्डच्या संग्रहात आहे. २०१२ मध्ये संशोधकांनी त्या कवटीचा स्कॅन आणि निरोगी तरुणांचे एमआरआय कॉम्प्युटरवर एकत्र जुळवले. अंदाज निघाला तो असा : मेंदूच्या वरच्या थरातला जवळपास ४ टक्के भाग गेला, पण वेगवेगळ्या भागांना जोडणाऱ्या तंतूंचं नुकसान जवळपास ११ टक्के. भोक डावीकडं, तुटलेल्या तारा मात्र मेंदूभर पसरलेल्या.

आता विचार करा, फक्त तो फोटो बघून कुणी तुम्हाला सांगितलं असतं का, की हा माणूस पुढं परदेशात गाडी हाकेल?

म्हणूनच आजचे डॉक्टर एकट्या स्कॅनवर भविष्य सांगत नाहीत. सीटीमध्ये रक्तस्राव, सूज, मेंदूची मधली रेषा सरकलीय का, हे दिसतं. नव्या प्रकारच्या एमआरआयमध्ये तुटलेले तंतूही कळतात. पण १०,००० हून जास्त रुग्णांच्या माहितीवर २००८ मध्ये जे क्रॅश मॉडेल बनलं, त्यात सीटीच्या जोडीला वय, आणलं तेव्हाची शुद्ध, बाहुल्यांचा प्रतिसाद आणि इतर जखमाही मोजल्या जातात. गेज पंचविशीचा होता आणि लगेच बोलत होता. या दोन गोष्टी त्याच्या बाजूनं होत्या. आणि सहा महिन्यांनंतरचं आयुष्य, मिळालेलं काम, सोबतची माणसं, हे कुठल्याच स्कॅनमध्ये येत नाही.

हे तुम्हाला कशाला सांगतेय? पावसाळ्यात नसरापूरहून राजगड-तोरण्याकडं निघालेल्या बाईक्समध्ये तुमचीही असते. हेल्मेट हँडलला अडकवलेलं असेल, तर आधी डोक्यात घाला. मित्र पडला, डोक्याला लागलं आणि उठून बोलायला लागला, तरी १०८ ला फोन करा, दवाखान्यात न्या. बोलणारा गेजही दोन आठवड्यांत मरणाच्या दारात होता.

आणि आयसीयूबाहेर बसायची वेळ आलीच, तर रिपोर्टचा फोटो ग्रुपवर टाकून निकाल लावू नका. डॉक्टरांना विचारा, की आणलं तेव्हा तो शुद्धीत होता का, सांगितलेलं करतोय का, घरी गेल्यावर आम्ही काय करायचं. मित्र घरी आल्यावर वेगळा वागला, चिडला, विसरला, तर त्याला ग्रुपमधून काढू नका. त्याच्यासाठी रोजचं एखादं ठरलेलं काम शोधा आणि काही दिवस त्याच्यासोबत जा.