डांबर उतरवणारे प्राध्यापक

त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर १८६३ साली जन्मले ते सुरतेत, म्हणजे आमच्या कामरेजच्या शेजारीच. १८९० मध्ये सयाजीरावांच्या आश्रयाने त्यांनी बडोद्यात कलाभवन काढलं. तिथे रंगाई-छपाईचं रसायनशास्त्र मुलं मातृभाषेतून, हाताने करून शिकत. पुढे ते मुंबईच्या विल्सन कॉलेजात आले.

१८९६ मध्ये चापेकर बंधूंनी व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासलं. ते काढायचं कसं? आम्ल ओतलं तर दगडच फसफसून झिजणार. गज्जरांनी मात्र दगडाला धक्का न लावता डाग उतरवला. वर्गातलं रसायनशास्त्र भर रस्त्यात साऱ्या मुंबईला दिसलं! (खरं सांगू? माझं मन चापेकरांकडेही ओढतं.)

१९०७ मध्ये कोटिभास्कर आणि अमीन यांच्यासोबत त्यांनी अलेम्बिक कारखाना उभारला. १९२० मध्ये गज्जर गेले. बडोद्यात अलेम्बिक अजून चालू आहे.