जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांचें बाळपण

प्रकाश आणि विद्युत् यांचें नातें जगास दाखवून देणारे जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांचा जन्म ता. १३ जून १८३१ रोजीं स्कॉटलंडांतील एडिंबरो शहरीं झाला. त्यांचें बाळपण मात्र ग्लेनलेअर येथें, खेड्यांतील घरीं गेलें. वडील जॉन हे वकिलीचें शिक्षण घेतलेले, पण यंत्रांची फार आवड असलेले गृहस्थ होते.

जेम्स तीन वर्षांचाही झाला नव्हता, तेव्हांपासूनच त्याच्या प्रश्नांस अंत नसे. दार, कुलूप, किल्ली, जें दिसेल तें कसें चालतें, हें त्यास कळावयास हवें असे. कोणीं मोघम उत्तर दिलें, तर तें नक्की कसें चालतें, असें तो पुन्हां विचारी. अमुक दगड निळा आहे असें सांगितलें, तर तो निळा हें कशावरून, असा त्याचा प्रश्न तयार असे. नोकरांस बोलावण्याच्या घंटांच्या तारा घरांतून गेल्या होत्या. त्या कोठून कोठें जातात हें तो शोधी आणि वडिलांस ओढीत नेऊन तारांचीं भोकें दाखवी. ही हकीकत त्याच्या आईनें सन १८३४ मध्यें आपल्या बहिणीस लिहिलेल्या पत्रांत आहे, व तींत त्रागा नसून कौतुक आहे. एकदां दाईनें दिलेल्या पत्र्याच्या नव्या ताटलीनें त्यानें सूर्याचा कवडसा खोलींत पाडला आणि आईबापांस बोलावणें धाडलें. तीं दोघें आलीं, तों उजेड त्यांच्या तोंडावर नाचूं लागला.

सन १८३९ मध्यें आई वारली. जेम्स अवघा आठ वर्षांचा होता. तोंवर तीच त्यास शिकवीत असे, आणि ११९ व्या स्तोत्राचीं १७६ वचनें त्यास मुखोद्गत होतीं. पुढें घरीं एक तरुण शिक्षक ठेवला. त्यानें मुलास मंदबुद्धि ठरवून मारझोड केली. ज्याच्या प्रश्नांनीं घर भरून जाई, तें मूल मुकाट्यानें मार सोशीत राहिलें. अखेर मावशीच्या ध्यानीं ही गोष्ट आली, व सन १८४१ मध्यें त्यास एडिंबरोच्या शाळेंत घातलें. वडील त्यास विद्वानांच्या सभांस बरोबर नेऊं लागले. जेम्स १४ वर्षांचा असतांच त्याचा अंडाकृति वक्ररेषांवरील निबंध एडिंबरोच्या रॉयल सोसायटीपुढें वाचला गेला.

निळा कशावरून, हा प्रश्न त्यांनीं सोडला नाहीं. सन १८६१ मध्यें तांबडा, हिरवा व निळा या तीन रंगांच्या योगानें त्यांनीं लंडनमध्यें रंगीत छायाचित्र पडद्यावर दाखविलें. सन १८६५ मध्यें प्रकाश ही विद्युच्चुंबकीय लहर आहे, हें त्यांनीं गणितानें मांडलें. रेडिओचा पाया तोच. सन १८७१ मध्यें ते केंब्रिज येथें प्राध्यापक झाले. ता. ५ नोव्हेंबर १८७९ रोजीं, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षीं, ज्या रोगानें आई गेली त्याच रोगानें या श्रद्धावान ख्रिस्ती पुरुषाचा अंत झाला.

विद्यार्थ्यांनो, घरचें धाकटें भावंड तोच तोच प्रश्न विचारूं लागलें, तर त्यास हुसकावून लावूं नका. बहुधा आपलें उत्तर अपुरें राहिलेलें असतें. उत्तर ठाऊक नसेल, तर त्याचा हात धरून तार कोठें जाते हें त्याच्यासह पाहावें. आणि पालकहो, गप्प बसलेलें मूल शहाणें झालें असें आपण समजतों; आम्ही शिक्षकही पुष्कळदां तसेंच समजतों. तें भय असूं शकतें, हें ग्लेनलेअरच्या त्या मुलावरून आपण सर्वांनीं ध्यानांत ठेवावें.