दंडावरची खूण

मुलांनो, तुमच्या डाव्या दंडावर, खांद्याच्या थोडे खाली, एक लहानसा गोल व्रण आहे का, ते पाहा. बहुतेकांना तो सापडेल. तुम्ही अगदी तान्हे होता, तेव्हा दवाखान्यातील परिचारिकेने तेथे सुई टोचली होती. काही आठवड्यांनी त्या जागी लहान फोड आला, तो फुटला, सुकला आणि ही खूण मागे राहिली. बीसीजी नावाच्या लशीची ही खूण आहे. क्षयरोगापासून बाळाचे रक्षण व्हावे म्हणून ही लस देतात. क्षय म्हणजे टीबी. 

आज बाळाला लस टोचून घेणे आपल्याला नेहमीचेच वाटते. पण ही लस देशभर न्यायचे ठरले, तेव्हा तसे नव्हते. धडधाकट मुलाला सुई कशाला टोचायची, असे लोकांना वाटे. आजारी माणूस औषध मागायला स्वतः येतो. निरोगी माणसाला मात्र त्याच्या घरी जाऊन समजवावे लागते. हे काम सबंध देशात घडवून आणण्याची जबाबदारी एका स्त्रीवर होती. तिचे नाव राजकुमारी अमृत कौर. त्या डॉक्टर नव्हत्या. स्वतंत्र भारताच्या त्या पहिल्या आरोग्यमंत्री होत्या.

अमृत कौर यांचा जन्म लखनऊचा. त्यांचे वडील राजा हरनाम सिंग हे पंजाबातील कपूरथळा संस्थानाच्या राजघराण्यातले. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. आई बंगाली होती. अमृत ही भावांमध्ये वाढलेली एकुलती एक बहीण. तिला शिकायला इंग्लंडमधील शेरबोर्नच्या मुलींच्या शाळेत पाठवले. ती अभ्यासात हुशार होती आणि खेळातही पुढे होती. टेनिस तर ती फारच छान खेळे.

शिक्षण संपवून ती भारतात परतली. वडिलांकडे अनेक मोठी माणसे येत. त्यांत गोपाळ कृष्ण गोखले होते. गोखल्यांच्या बोलण्यातून देशाच्या गरिबीची आणि गुलामीची जाणीव अमृतला झाली. १९१९ साली मुंबईत तिची गांधीजींशी भेट झाली. आपणही या कामात उडी घ्यावी, असे तिच्या मनात आले. पण घरच्यांना ते पसंत नव्हते. वृद्ध आईवडिलांना दुखवून ती निघून गेली नाही. त्यामुळे बरीच वर्षे ती स्त्रियांच्या शिक्षणाचे आणि हक्कांचे काम करत राहिली. १९२७ साली पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. ही संस्था उभारणाऱ्यांत अमृत कौर होत्या. वडील १९३० साली वारले आणि मग त्यांची वाट मोकळी झाली.

आता तुम्ही वर्ध्याजवळच्या सेवाग्रामचे चित्र डोळ्यांसमोर आणा. तेव्हा त्या गावाचे नाव शेगाव होते. १९३६ साली गांधीजी तेथे राहायला गेले. मातीच्या भिंतींच्या झोपड्या, उन्हाळ्यात भाजून काढणारे ऊन, पावसाळ्यात गुडघाभर चिखल आणि रात्री डासांचे थवे. राजवाड्यात वाढलेल्या अमृत कौर गांधीजींच्या सचिव म्हणून येथे राहू लागल्या. बरीच वर्षे त्यांनी हे काम केले. पत्रे लिहिणे, पाहुण्यांची व्यवस्था पाहणे, हिशेब ठेवणे, हे तर होतेच. पण आश्रमात झाडणे, भांडी घासणे, संडास साफ करणे, ही कामेही आश्रमवासीयांनी स्वतः करायची असत.

माझ्या मते त्यांचे आरोग्याचे खरे शिक्षण येथेच झाले. त्या गावात मलेरिया होता. पहिल्याच वर्षी खुद्द गांधीजींना मलेरियाने गाठले आणि त्यांना वर्ध्याच्या सरकारी रुग्णालयात न्यावे लागले. पुढे परचुरे शास्त्री नावाचे एक संस्कृतचे पंडित आश्रमात आले. त्यांना कुष्ठरोग झाला होता. अशा रोग्याला तेव्हा लोक जवळ उभे करत नसत. गांधीजींनी त्यांना ठेवून घेतले आणि ते स्वतःच्या हातांनी त्यांच्या अंगाला मालिश करत. घाणेरडे पाणी, साचलेली डबकी, अपुरे अन्न आणि लोकांच्या मनातील भीती यांतून रोग कसा वाढतो, हे अमृत कौर रोज डोळ्यांनी पाहत होत्या.

१९४२ च्या चळवळीत त्यांनी शिमल्यात मिरवणुका काढल्या, लाठ्या खाल्ल्या आणि तुरुंगवास सोसला. पुढे मध्यप्रांत आणि वऱ्हाड या प्रांतातून त्या घटना समितीवर निवडून गेल्या. वर्धा याच प्रांतात होते.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला. पंडित नेहरूंच्या पहिल्या मंत्रिमंडळात अमृत कौर या एकट्याच स्त्री होत्या. त्यांच्या वाट्याला आरोग्य खाते आले. काम सुरू होते न होते, तोच फाळणीचे संकट कोसळले. लाखो निर्वासित घरदार सोडून इकडून तिकडे जात होते. छावण्यांत माणसांची दाटी झाली, पाणी दूषित झाले आणि कॉलऱ्याची साथ पसरू लागली. अमृत कौर छावण्या-छावण्यांतून हिंडल्या. लस, औषधे, परिचारिका आणि स्वच्छ पाणी यांची जमेल तेवढी सोय त्यांनी केली.

त्या वेळी आपल्या देशातील माणसाचे सरासरी आयुष्य ३२ वर्षांच्या आसपास होते. क्षयाने दरवर्षी सुमारे ५ लाख माणसे मरत, असा अंदाज होता. रोगी सुमारे २५ लाख. आणि त्यांच्यासाठी रुग्णालयांतील खाटा किती? सबंध देशात सहा हजारांच्या आसपास! इतक्या रोग्यांना रुग्णालयात ठेवायचे म्हटले असते, तर एका खाटेसाठी चारशेहून जास्त माणसे रांगेत उभी राहिली असती. क्षयावरची नवी औषधे नुकतीच निघाली होती आणि ती फार महाग होती. म्हणून रोग होण्याआधीच त्याला अडवायचे, असे ठरले. यालाच प्रतिबंध म्हणतात.

येथे एक अडचण होती. आपल्या घटनेने आरोग्याचा विषय राज्यांकडे सोपवला आहे. म्हणजे दिल्लीच्या आरोग्यमंत्र्याने हुकूम सोडला आणि खेड्यात लस पोचली, असे होत नाही. दवाखाने राज्यांचे, नोकरवर्ग राज्यांचा. केंद्राने लस द्यावी, साहित्य द्यावे, माणसांना शिकवून तयार करावे आणि मग राज्यांना विनंती करावी. १९५२ साली केंद्रीय आरोग्य परिषद स्थापन झाली. केंद्राच्या आरोग्यमंत्री तिच्या अध्यक्षा आणि सर्व राज्यांचे आरोग्यमंत्री तिचे सभासद. राष्ट्रीय कार्यक्रम हा शब्द ऐकायला मोठा वाटतो, पण त्याचा बराचसा भाग अशा बैठकांमध्ये एकेकाला पटवून देण्यातच जातो. मला वाटते, सेवाग्रामच्या पत्रव्यवहाराची सवय त्यांना येथे उपयोगी पडली असेल.

बीसीजीचे काम १९४८ साली सुरू झाले. लस तयार करण्यासाठी मद्रासजवळ गिंडी येथे प्रयोगशाळा उभारली. १९५१ पासून मोहीम मोठ्या प्रमाणावर हाती घेतली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी मदत केली. हे काम कसे चाले, ते पाहा. पथक गावात किंवा शाळेत येई. आधी मुलाच्या हातावर तपासणीची एक लहान सुई टोचत. तीन दिवसांनी पथक पुन्हा येई आणि ती जागा पाहत असे. तेथे सूज आली असेल, तर क्षयाचे जंतू त्या मुलाच्या शरीरात आधीच शिरलेले आहेत, असे समजत. सूज नसेल, तरच लस देत. म्हणजे प्रत्येक गावाला दोन फेऱ्या आणि पुष्कळ मुलांना दोन सुया. शिवाय त्या काळची लस पातळ असे. ती थंड ठेवावी लागे आणि थोड्याच दिवसांत संपवावी लागे. कडक उन्हात, बैलगाडीच्या रस्त्याने, बर्फात ठेवलेली लस घेऊन जाणे सोपे नव्हते.

त्याहून अवघड होते लोकांचे मन वळवणे. बीसीजीमध्ये दुबळे केलेले, पण जिवंत जंतू असतात. हे कळल्यावर माणूस दचकणारच. १९३० साली जर्मनीतील ल्युबेक शहरात या लशीत चुकून खरे रोगजंतू मिसळले गेले आणि सत्तरहून अधिक बाळे दगावली होती. दोष लशीचा नव्हता, प्रयोगशाळेतील निष्काळजीपणाचा होता. तरी भीती राहिलीच. शाळांमध्ये पालकांना न विचारता मुलांना टोचतात, अशीही तक्रार होती. ही तक्रार मात्र चूक म्हणता येणार नाही.

१९५५ साली या विरोधात एक मोठा आवाज उठला. तो राजाजींचा, म्हणजे चक्रवर्ती राजगोपालाचारी यांचा होता. ते भारताचे गव्हर्नर जनरल आणि मद्रासचे मुख्यमंत्री होऊन गेलेले. शिवाय गांधीजींचे जुने सहकारी, म्हणजे अमृत कौर यांच्याच घरातले माणूस म्हणा ना! लशीचा फायदा नक्की सिद्ध झालेला नाही, मग लाखो निरोगी मुलांच्या शरीरात जिवंत जंतू का घालायचे, असे त्यांनी लिहिले. परका माणूस विरोध करतो, तेव्हा त्याला उत्तर देणे सोपे असते. आपलाच आदरणीय माणूस उभा राहिला, की माणसाची कसोटी लागते. अमृत कौर यांनी डॉक्टरांचा सल्ला प्रमाण मानला आणि मोहीम थांबू दिली नाही.

मग बरोबर कोण होते? याचे उत्तर त्या दोघांच्याही मृत्यूनंतर मिळाले. १९६८ साली तमिळनाडूतील चेंगलपट्टू भागात अडीच लाखांहून अधिक लोकांवर एक फार मोठी चाचणी सुरू झाली. मोठ्या माणसांच्या फुप्फुसांच्या क्षयाला बीसीजी अडवू शकली नाही, असे तिच्यातून दिसले. म्हणजे राजाजींची शंका अगदीच निराधार नव्हती. पण लहान बाळांना होणारा मेंदूच्या आवरणाचा क्षय आणि सर्व शरीरात पसरणारा क्षय फार भयंकर असतात. त्यांच्यापासून ही लस रक्षण करते, हे इतर अभ्यासांतून सिद्ध झाले. म्हणूनच आपल्या देशात ती बाळाला जन्मल्यानंतर लवकरच देतात. अमृत कौर यांना लशीकडून जेवढी आशा होती, तेवढे सारे तिने दिले नाही. जे दिले, ते मात्र तान्ह्या मुलांना मिळाले.

मलेरियाची गोष्ट निराळी आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास दरवर्षी साडेसात कोटी लोकांना मलेरिया होई आणि ८ लाख माणसे मरत, असा अंदाज होता. मुंबई प्रांतात डॉ. विश्वनाथन यांनी धारवाड आणि उत्तर कानडा या जिल्ह्यांत घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारून मलेरिया कमी करून दाखवला होता. १९५३ साली तोच उपाय राष्ट्रीय कार्यक्रम म्हणून देशभर सुरू झाला. पाठीवर पंप घेतलेली माणसे खेड्याखेड्यांत शिरली. घरातील भांडी, धान्य, अंथरुणे बाहेर काढायची, भिंती फवारायच्या आणि पुन्हा सामान आत न्यायचे. भिंतींवर पांढरे डाग पडत. मग सण आला, की घरची बाई भिंत सारवून टाकी आणि औषध शेणामातीखाली झाकून जाई! तिला तरी दोष कसा द्यावा? घर नीट ठेवावे, हेच तर तिला लहानपणापासून शिकवलेले. तेव्हा तिलाही समजावून सांगावे लागे.

या कामाचे फळ मोठे होते. १९६५ पर्यंत मलेरियाचे रोगी वर्षाला लाखाच्या आसपास उरले. पण पुढे डास डीडीटीला दाद देईनासे झाले, कामातही ढिलाई आली आणि १९७६ साली रोग्यांची संख्या पुन्हा ६४ लाखांवर गेली. अमृत कौर यांनी चढता काळ पाहिला, ही घसरण त्यांना पाहावी लागली नाही.

त्यांच्या इतर कामांविषयी थोडक्यात सांगतो. १९५० साली त्या जागतिक आरोग्य सभेच्या अध्यक्षा झाल्या. हा मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री आणि पहिल्या आशियाई व्यक्ती. रेडक्रॉस, क्षयरोग निवारण, कुष्ठरोग निवारण, बालकल्याण या सर्व संस्थांत त्यांनी काम केले. दिल्लीतील एम्स या मोठ्या वैद्यकीय संस्थेचा कायदा त्यांनी १९५६ साली संसदेत मांडला. तिच्यासाठी न्यूझीलंडसारख्या देशांकडून त्यांनी पैसा मिळवला आणि त्याच तिच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या.

१९५७ साली त्यांचे मंत्रिपद संपले. ६ फेब्रुवारी १९६४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. शिमल्याला समर हिल भागात त्यांचे मॅनरव्हिल नावाचे घर होते. भोवती देवदारांची गर्द झाडी. गांधीजी शिमल्याला जात, तेव्हा अनेकदा याच घरी उतरत. हे घर अमृत कौर यांनी एम्सला देऊन टाकले. रुग्णालयात दिवसरात्र राबून थकलेल्या परिचारिकांना आणि इतर कर्मचाऱ्यांना सुट्टीत चार दिवस थंड हवेत विश्रांती घेता यावी, म्हणून.