रेव्हरंड टिळकांच्या दोन परीक्षा

उपवासकाळ सुरू झाला की अरण्यातील प्रभूच्या परीक्षेचा पाठ शब्बाथशाळेत येतोच. दगडाची भाकर, मंदिराचे शिखर, जगातील राज्ये, हे मुलांना तोंडपाठ असते. पण तीच परीक्षा मराठी घरात कोणत्या रूपाने येते, हे सांगताना शिक्षक अडतो. अशा वेळी नारायण वामन टिळकांचे चरित्र हाताशी असावे. पैनगंगेपलीकडे आदिलाबादेत घरी मराठी आणि बाजारात तेलुगू चालते. तेथेही मराठीत भक्ती करणाऱ्यास टिळकांची गीते परकी नाहीत. माणूस मात्र पुष्कळांस नावापुरताच ठाऊक असतो.

टिळकांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी, ब्राह्मण कुळात झाला. आईवर त्यांचा फार जीव. वडिलांशी मात्र जमले नाही. संस्कृताचे शिक्षण नाशकास झाले. स्वभाव तापट, हात सढळ. पैसा आला की दुसऱ्याची नड भागवण्यात जायचा, आणि घर लक्ष्मीबाईंनी कसे चालवायचे हा प्रश्न राहायचाच. त्यांचा राग आणि विक्षिप्तपणा लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त मुळीच झाकलेला नाही. आपणही झाकू नये. विश्वासात आल्यावर माणूस एका दिवसात मऊ होतो असे मुलांना शिकवले, तर ती घरी आपल्या बापाकडे पाहून गोंधळतात.

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने त्यांस नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनाने ते धरले गेले. तरी पाऊल उचलण्यास सुमारे दोन वर्षे लागली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या साली राखेचा बुधवार २७ फेब्रुवारीस होता, म्हणजे उपवासकाळ अवघ्या सतरा दिवसांवर आलेला होता.

आणि टिळकांचे अरण्य तेथूनच सुरू झाले. लक्ष्मीबाई धर्मनिष्ठ, बातमीने त्या खचून गेल्या. लहानग्या दत्तूस घेऊन त्या नातलगांच्या आश्रयाने पंढरपुरास राहिल्या. टिळक अहमदनगरास एकटे. मला वाटते, भाकरीच्या मोहापेक्षा हा मोह जबर होता. बायको आणि मूल हवे असेल तर मागे फिर, एवढेच तो सांगत होता, आणि त्यात वाईट असे काय होते? बायकोमुलाची ओढ पाप थोडीच असते! टिळक फिरले नाहीत. त्यांनी तिच्यावर जबरदस्तीही केली नाही. पत्रे लिहिली, भेटी घेतल्या, वाट पाहिली. सुमारे पाच वर्षे अशी गेली. लक्ष्मीबाई आल्या त्या आपल्या पायांनी; १९०० साली त्यांनी आपल्या मनाने बाप्तिस्मा घेतला.

पुढची वर्षे भरभराटीची म्हणावीत. १९०४ साली टिळकांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. शिकवणे, ‘ज्ञानोदया’चे संपादन, शेकडो पदे, घरात पोरक्या मुलांचा गोतावळा. अमेरिकन मराठी मिशनचा पगार होता, मान होता.

दुसरी परीक्षा इथे होती, आणि ती ओळखू येणे कठीण होते. वय छप्पन. चांगले काम, चांगले नाव. एवढ्यावर थांबण्यास कोण दोष देईल? पण ख्रिस्त आपल्या लोकांस परदेशी वेषात दिसतो, हे शल्य टिळकांस स्वस्थ बसू देईना. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, पगार सोडला आणि ख्रिस्ती संन्याशाचे जिणे पत्करले. साताऱ्यास राहून ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र बसावेत, अशी त्यांची इच्छा. मंडळीतील पुष्कळांना हे रुचले नाही. त्यांचेही सर्वस्वी चुकले असे म्हणवत नाही. बाप्तिस्म्यासाठी घरदार गमावलेल्यांस हा दरबार समजणे अवघडच होते.

त्या कामाला दोन वर्षेही मिळाली नाहीत. ९ मे १९१९ रोजी मुंबईस टिळक वारले. दरबार त्यांच्यामागे फार टिकला नाही. ‘ख्रिस्तायन’ हे प्रभूच्या चरित्रावरील महाकाव्यही अपुरे राहिले होते. त्याचे मोजकेच अध्याय टिळकांच्या हातून झाले. पुढचे कितीतरी अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. शाळेत त्या कधी गेल्या नव्हत्या. अक्षरे त्यांस टिळकांनीच शिकवली होती.